अहिंसा: एक शब्द, शंभर ओव्या

शाळांच्या सहली नेवाशाला येतात, पैसाचा खांब पाहतात, प्रवरेकाठी डबे सोडतात आणि परत जातात. ज्या ग्रंथामुळे तो खांब वंद्य झाला, त्यातील मुलांच्या खास उपयोगाचा भाग मात्र त्यांना क्वचितच कोणी वाचून दाखवितो. तो तेराव्या अध्यायात आहे. गीतेने ज्ञानाची लक्षणे सांगताना 'अहिंसा' एवढाच शब्द उच्चारला, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत त्यावर शंभराहून अधिक ओव्या आहेत.

वर्गात आपण 'मारामारी करू नये' असे सांगून मोकळे होतो. ज्ञानेश्वर आधी सत्कृत्यांतली हिंसा उघडी करतात. यज्ञातल्या हिंसेला अहिंसा म्हणणे म्हणजे फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालणे! मग तो अहिंसक पुरुष चालू लागतो: केसर चुरगळेल या शंकेने कमळावर हळुवार पाय ठेवणाऱ्या भुंग्यासारखा, लाट न मोडता पाण्यात पाऊल टाकणाऱ्या बगळ्यासारखा. पण बगळ्याची दृष्टी आमिषावर असते, हे ज्ञानेश्वरच सांगतात. मला ही उपमा खटकते. हलके पाऊल शिकाऱ्याचेही असते, असे एखादा चौकस मुलगा म्हणाला तर त्याला गप्प बसवू नये.

तोच मुलगा पुढे विचारील, 'मग अर्जुनाला लढ का म्हटले?' १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचनांत विनोबांनी याचे उत्तर दिले: अनेकांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशाला स्वतःचा मुलगा समोर येताच फाशी अमानुष वाटू लागली, अर्जुनाची अहिंसा त्या जातीची, मोहातून आलेली. उत्तर मार्मिक आहे, पण त्याने अर्जुनाचा निकाल लागतो. मधल्या सुट्टीत मार खाणाऱ्या पोराचा लागत नाही.

त्याच्यासाठी मी हातांवरच्या ओव्या वाचीन. अहिंसकाचे हात एरवी स्वस्थ असतात, ते उचलले जातात ते भ्यालेल्याला अभय देण्यासाठी, दुखावलेल्याला हळुवार स्पर्श करण्यासाठी. म्हणजे हात खिशात घालून कडेला उभे राहणे ज्ञानेश्वरांच्या हिशेबी बसत नाही. मारणाऱ्या आणि मार खाणाऱ्याच्या मध्ये तो हात कसा घालावा, हे मात्र ओव्यांत नाही. ते मास्तरांनी मुलांबरोबर बसून शोधावयाचे आहे.