रास्पबेरी पाय ४०० : चुकायला परवडणारा संगणक?

आजचं परीक्षण पुस्तकाचं किंवा नाटकाचं नाही, एका वस्तूचं आहे. टेबलावर पांढरा-लाल कीबोर्ड ठेवलाय. मागच्या रांगेतून तो नुसता कीबोर्डच दिसत असणार, पण तो पूर्ण संगणक आहे. नाव रास्पबेरी पाय ४००. साधारण २९ सेंटिमीटर लांब, १२ रुंद, जाडी जेमतेम दोन बोटं. वीज आणि पडदा जोडला की काम सुरू.

आधी माहिती उरकून घेऊ. २ नोव्हेंबर २०२० रोजी इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या रास्पबेरी पायने हा बाजारात आणला. नुसतं यंत्र ७० डॉलरला. माऊस, अडॅप्टर, एचडीएमआय केबल, प्रणाली भरलेलं मेमरी कार्ड आणि नवशिक्यांसाठी छापील पुस्तक, असा संच १०० डॉलरला. तेव्हाच्या दराने ७० डॉलर म्हणजे सव्वापाच हजार रुपयांच्या आसपास. कर आणि वाहतूक वेगळी. आत १.८ गिगाहर्ट्झचा चार गाभ्यांचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम, जी पुढे वाढवता येत नाही. पंखा नाही. आत धातूची एक मोठी पट्टी आहे, ती उष्णता पसरवते, त्यामुळे यंत्र अगदी मुकाट्याने चालतं. लिहिणं, हिशेब, पायथन, स्क्रॅच, साधं ब्राउझिंग हे सगळं नीट होतं. ब्राउझरमध्ये दहा-बारा पानं उघडून वर व्हिडिओ लावला की धाप लागते. वेगाविषयी यापेक्षा जास्त बोलण्यात अर्थ नाही. वेगाची परीक्षणं इतरांनी रग्गड केली आहेत.

आम्हाला बोलायचंय ते ‘स्वस्त’ या शब्दाबद्दल.

आपल्यापैकी अनेकांनी संगणक पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या संगणक कक्षात. चपला बाहेर काढायच्या, आत बोलायचं नाही, मॉनिटरवर प्लॅस्टिकचं आवरण, आणि एका यंत्रापुढे चौघं. त्यातल्या एकाच्या हातात माऊस, बाकीचे बघे. दसऱ्याला त्याच यंत्राला हळद-कुंकू. पूजेला आमची हरकत नाही, हत्यारांची पूजा आपल्याकडे होतेच. पण हत्यार दुसऱ्या दिवशी वापरायला काढतात, आणि आपल्याकडचा संगणक पुष्कळदा देव्हाऱ्यातच राहिला. घरी आला तेव्हाही पहिलं वाक्य ठरलेलं: ‘हात लावू नकोस, बिघडेल.’ पुढे एमएस-सीआयटीच्या वर्गात आपण वर्ड शिकलो, एक्सेल शिकलो. कोणतं बटण दाबायचं ते शिकलो. चुकीचं बटण दाबून काय होतं हे पाहायची सोय तिथेही नव्हती.

म्हणून आम्ही स्वस्तपणा मोजतो तो असा. वस्तू विकत घेताना किती पैसे गेले हा एक आकडा झाला. दुसरा आकडा असा की, मुलाने चूक केली तर ती दुरुस्त करायला किती लागतात? पहिला आकडा खोक्यावर छापलेला असतो. दुसरा कुणी छापत नाही, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

या मापाने थोडं मागे जाऊ, कारण कीबोर्डात संगणक भरण्याची कल्पना नवी नाही. १९८१ मध्ये बीबीसीच्या संगणक-साक्षरता प्रकल्पासाठी केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो बनवला. १९८२ मध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला, १६ केबी मेमरीचा, १२५ पौंडांना. अमेरिकेत त्याच वर्षी कमोडोर ६४. सगळ्यांचं रूप एकच: जाडसर कीबोर्ड, पोटात संगणक, आणि पडद्याच्या जागी घरातला टीव्ही. ही रचना काटकसरीतून आली होती. पडदा महाग, टीव्ही मात्र घरोघर होता. आपल्याकडेही ही यंत्रं पोचली. १९८०च्या दशकात ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो आले, आणि स्पेक्ट्रमची ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाची परवान्याखाली बनवलेली आवृत्ती इथे विकली गेली. पन्नाशीपुढचे काही चेहरे हसताहेत, त्यांना आठवत असेल.

त्या यंत्रांचा एक गुण मात्र कौतुकात राहून जातो. बटण दाबलं की थेट बेसिक भाषा समोर यायची. कर्सर लुकलुकतोय, आता तुम्ही काहीतरी लिहा. आणि ती बेसिक चिपमध्ये कायमची कोरलेली असायची. मुलाने काहीही लिहिलं, यंत्र गोठलं, पडद्यावर कचरा आला, तरी बंद करून चालू करा, यंत्र पुन्हा कोरं करकरीत. चुकीची किंमत शून्य. नंतर हार्ड डिस्कचा पीसी आला. तो कितीतरी पटींनी समर्थ होता, पण त्याच्यावर झालेली चूक डिस्कवर टिकून राहायची. वडिलांच्या हिशेबाच्या फायली त्याच डिस्कवर. ‘हात लावू नकोस’ हे वाक्य तिथून येतं. त्या वाक्यामागे तुसडेपणा नव्हता, व्यवहार होता.

रास्पबेरी पायची सुरुवातही याच जागेवरून झाली. एबन अप्टन आणि त्यांचे सहकारी केंब्रिजमध्ये होते. संगणकशास्त्राला येणारे अर्ज घटताहेत, आणि येणाऱ्या मुलांना आधीच्या पिढीइतकं प्रोग्रॅमिंग येत नाही, हे त्यांनी पाहिलं. २९ फेब्रुवारी २०१२ ला त्यांनी पहिला पाय विकायला काढला: उघडा सर्किट बोर्ड, ३५ डॉलरच्या आतबाहेर. मोडला तरी चालेल अशी किंमत. एक गंमत सांगून पुढे जातो. या ४०० मधला प्रोसेसर ‘आर्म’ घराण्यातला आहे, आणि ते घराणं सुरू झालं १९८५ मध्ये, बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या त्याच एकॉर्नमध्ये.

आता आमच्या मापाने ४०० कडे बघू. त्याची सगळी प्रणाली, सगळ्या फायली एका नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावर असतात. कार्ड मागच्या खाचेतून बाहेर येतं. मुलीने प्रणालीतली एखादी महत्त्वाची फाइल पुसली, यंत्र सुरूच होईना, तर कार्ड काढायचं आणि दुसऱ्या संगणकावर त्यावर प्रणाली पुन्हा लिहायची. चहा पिऊन होईपर्यंत काम होतं. चार मुलं असतील तर चार कार्डं. प्रत्येकाचा संगणक स्वतःच्या कंपासपेटीत, आणि यंत्र एकच. बीबीसी मायक्रोमधला कोरा करकरीतपणा इथे परत आलाय, थोड्या वळणाने का होईना. आम्हाला या यंत्रात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, आणि नवल म्हणजे हे कार्डच बहुतेक परीक्षणांत उणीव म्हणून नोंदवलं जातं, कारण ते डिस्कपेक्षा हळू असतं. ते हळू आहे हे खरं. लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो, हेही खरं, आणि जिथे वीज सांगून-न सांगता जाते तिथे ही बारीक तक्रार नव्हे. पण त्यावरचा उपाय शे-दोनशे रुपयांचा आहे: एक कार्ड तयार करून डब्यात ठेवायचं.

इथवर कौतुक झालं. आता ज्या वैशिष्ट्यामुळे हे यंत्र देखणं दिसतं, तिथेच आमचं भांडण आहे.

संगणकाचा सर्वांत जास्त झिजणारा भाग कोणता? कीबोर्ड. कळा बसतात, अक्षरं पुसतात, फटींत बिस्किटाचा चुरा जातो, आणि एक दिवस चहा सांडतो. साध्या डेस्कटॉपवर चहा सांडला तर तीन-चारशे रुपयांचा नवा कीबोर्ड आणायचा, विषय संपला. इथे सर्वांत झिजणारा भाग सर्वांत महाग भागाच्या डोक्यावर बसवलाय. चहा थेट संगणकात. प्रणालीतल्या चुकीला ज्यांनी एवढी स्वस्त वाट काढून दिली, त्यांनीच हातून होणारी चूक महाग करून ठेवली. उघडा बोर्ड दिसायला गबाळा होता, तारांचा पसारा व्हायचा, शिक्षक वैतागायचे, सगळं मान्य. पण त्यात एक भाग गेला तर एकच बदलावा लागायचा.

मागच्या बाजूच्या चाळीस पिना हा दुसरा मुद्दा. ही जागा खरी श्रीमंतीची. रुपया-दोन रुपयांचा एलईडी, एक ३३० ओहमचा रोधक, दोन तारा आणि पायथनच्या चार ओळी, एवढ्यावर दिवा लुकलुकतो. ज्याने लिहिलेल्या शब्दाने पहिल्यांदा दिवा पेटताना पाहिलाय, त्याला प्रोग्रॅम म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. लॅपटॉप कितीही महागाचा घ्या, त्याला अशा पिना नसतात. पण या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, आणि त्याच ओळीत ५ व्होल्टच्या दोन पिना आहेत. तार एक घर चुकली, ५ व्होल्ट भलत्या पिनेत गेले, तर प्रोसेसर कायमचा जाऊ शकतो. ३५ डॉलरच्या बोर्डावर ही जोखीम हसण्यावारी नेता येते. ७० डॉलरच्या यंत्रावर शिक्षक पुन्हा म्हणणार, ‘हात लावू नकोस.’ आलं का ते वाक्य परत? पिनांवर आधी एक चपटी केबल लावून तारांचं काम बाजूच्या फळीवर न्यावं. त्यामुळे धोका जात नाही, पण खुणा करून नीट बघायला जागा मिळते.

तिसरी गोष्ट किमतीची, आणि ती खोक्यावरच्या आकड्यातही लपलेली आहे. पडदा धरलेला नाही. १९८२ च्या ब्रिटनमध्ये टीव्ही घरात आहे हे गृहीत धरणं ठीक होतं. आपल्याकडे टीव्ही आहे, पण तो संध्याकाळी मोकळा असतो का? सासू-सुनांच्या मालिकेच्या वेळी मुलीने म्हणावं, ‘आजी, टीव्ही द्या, मला पायथन लिहायचंय’, ही कल्पनाच करून बघा. शिवाय टीव्ही जुना असेल तर एचडीएमआयची जागाच नसते. मागच्या दोन्ही जोडण्या मायक्रो-एचडीएमआय आहेत, म्हणजे शेजाऱ्याकडची नेहमीची केबल चालत नाही. हेडफोनची जागा नाही. आवाज टीव्हीतून, ब्लूटूथवरून किंवा यूएसबीतून. कॅमेरा नाही, माइक नाही. आणि वर्ष कोणतं? २०२०. शाळा बंद, मुलं पडद्यासमोर, शिक्षक विचारताहेत ‘आवाज येतोय का?’ त्या वर्षी घरच्या संगणकाला कॅमेरा आणि माइक वेगळे विकत घ्यावे लागणं ही किरकोळ त्रुटी नव्हती. हे सगळं जोडत गेलं की बेरीज लॅमिंग्टन रोडवरच्या वापरलेल्या लॅपटॉपच्या जवळ जाऊन पोचते, आणि त्या लॅपटॉपला पडदा, कॅमेरा, बॅटरी सगळं असतं. ज्या घरात एकच संगणक येणार आहे आणि त्यावर अभ्यास, अर्ज, व्हिडिओवरचे वर्ग सगळं व्हायचंय, त्या घराला आम्ही ४०० घ्या असं सांगणार नाही.

मराठीचं काय, हा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच. कीबोर्ड निघाला तेव्हा त्याच्या आवृत्त्या इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश अशा होत्या. कळांवर देवनागरी नाही. आत मात्र अडचण कमी आहे. लिनक्समध्ये इनस्क्रिप्टची मांडणी आहे, मराठीसाठी ध्वनीवर चालणारीही आहे, आणि लोहितसारखा फाँट एका आदेशात बसतो. पण हे स्वतः करावं लागतं. खोकं उघडल्याबरोबर ‘अ’ उमटत नाही. शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी स्वतःची भाषा बाहेरून आणावी लागते, हे आम्हाला खुपतं. त्यात एक धडा आहे असं कुणी म्हणेल. धडा इंग्लंडच्या मुलाला द्यावा लागत नाही, एवढंच.

पुढच्या आवृत्त्यांबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०२४ मध्ये पाय ५०० आला: ९० डॉलर, ८ जीबी रॅम, बराच वेगवान, आणि चालू-बंद करायला स्वतंत्र बटण. ब्राउझरची धाप त्याने बरीच कमी केली. कीबोर्ड आणि संगणकाची गाठ तशीच. २०२५ मध्ये ५०० प्लस आला, १६ जीबी रॅम, आत एसएसडी, आणि ज्याच्या कळांच्या टोप्या सुट्या काढून बदलता येतात असा दणकट कीबोर्ड. निघाला तेव्हा किंमत २०० डॉलर होती. म्हणजे कीबोर्डाबद्दलच्या आमच्या तक्रारीला निम्मं उत्तर मिळालं, पण ज्यांची ती तक्रार आहे त्यांच्या आवाक्याबाहेर. हौशी प्रौढांना तो आवडेल. शाळेच्या कक्षासाठी आम्ही त्याचा विचार करणार नाही.

मग ४०० कुठे ठेवावा? वाचनालयात, शाळेच्या विज्ञान मंडळात, वस्तीतल्या अभ्यासिकेत. जिथे एक-दोन पडदे आधीच आहेत आणि यंत्र अनेकांच्या हातांतून जाणार आहे. पाठीमागे कुलूप-साखळीची खाचही आहे, ती तिथे उपयोगी पडते. समजा एखाद्या वाचनालयाकडे दहा यंत्रांपुरते पैसे आहेत. आम्ही म्हणू, आठ घ्या. उरलेल्या पैशात चाळीस कार्डं, मूठभर एलईडी आणि रोधक, चपट्या केबली, आणि सात-आठ साधे यूएसबी कीबोर्ड घेऊन ठेवा. कळा बसल्या म्हणून ४०० फेकायचा नाही. मागे यूएसबी कीबोर्ड लावला की आतला संगणक चालतोच. दिसायला विचित्र, कीबोर्डाला कीबोर्ड जोडलेला, पण चालतो. कार्डांवर मुलांची नावं टाका. आणि चपला आत आणू द्या.

प्रश्न घेऊ. माइक मागे द्या, तिसऱ्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.