‘वैकुंठ’ कुणाचं?

‘रोज दहा नवे शब्द’ शिकवणारी ॲप्स माझ्याही फोनमध्ये आहेत. पण नाशिकमध्ये कोडिंगची नोकरी करताना मला मराठी शब्द खरे कळू लागले ते बायबलवरचं मराठी साहित्य वाचताना.

‘दृष्टांत’ घ्या. देव स्वप्नात येतो, तो दृष्टांत. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरांच्या बोधकथा म्हणजे दृष्टांत. मराठी बायबलमध्ये मात्र येशूच्या बोधकथांना सहसा ‘दाखले’ म्हटलं जातं.

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत रचलं आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं. हा शब्द नवा अर्थ पेलतो का? माझ्या मते पूर्ण नाही. वैकुंठ म्हटलं की विष्णू आठवतोच. पण याच ओढाताणीमुळे आपण शब्दापाशी थांबतो आणि तो पहिल्यांदाच नीट पाहतो.

उलट, संस्कृतपंडित असलेल्या रमाबाईंनी बायबलच्या भाषांतरासाठी मुद्दाम साधी मराठी निवडली. दोघांना शेजारी ठेवून वाचा. समृद्ध शब्दसंग्रह म्हणजे जड शब्दांचा साठा नव्हे. लेखकाने कोणता शब्द घेतला, कोणता टाळला आणि का, हे ओळखता येणं म्हणजे समृद्धी.