अ‍ॅल्युमिनियमचे लेसर-वेल्डिंग : एक परीक्षण

अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना लेसर-वेल्डिंग का कठीण जाते, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ‘परावर्तन’ असे आहे. हे उत्तर चुकीचे नव्हे. ते अपुरे आहे. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश स्वच्छ अ‍ॅल्युमिनियमवर पडला, की त्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग परत फिरतो, हे खरे. परंतु तीव्रता पुरेशी वाढताच धातूची वाफ होऊन वितळलेल्या रसात एक अरुंद व खोल विवर निर्माण होते, आणि त्याच्या भिंतींवर पुनःपुन्हा आदळत प्रकाश शोषला जातो. येथे प्रकाशाचा प्रश्न बव्हंशी मिटतो व धातूचा प्रश्न सुरू होतो.

तो प्रश्न तिहेरी आहे. मॅग्नेशियम सुमारे १०९० अंश सेल्सियसला उकळते, अ‍ॅल्युमिनियम मात्र २४०० अंशांच्याही वर. त्यामुळे रसातील मॅग्नेशियम आधी उडून जाते. रसात विरलेला हायड्रोजन घनावस्थेत मावत नाही, आणि सांध्यात छिद्रे राहतात. शिवाय मॅग्नेशियम-सिलिकॉनयुक्त ६००० मालिकेतील मिश्रधातू गोठता गोठताच आकुंचनाने तडकतात. केवळ लेसरची शक्ती वाढविल्याने यांतील एकही दोष नाहीसा होत नाही.

या दृष्टीने एअरबसच्या ए-३१८ विमानाचे उदाहरण बोलके आहे. २००३ साली सेवेत आलेल्या या विमानाच्या धडाच्या खालच्या भागातील पत्र्यांना आधारपट्ट्या रिव्हेटऐवजी लेसरने सांधण्यात आल्या. वजन घटले, काम जलद झाले. तथापि या यशाचे श्रेय एकट्या लेसरला देणे न्याय्य ठरणार नाही. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेल्या पूरक तारेने रसाची घटना तडे जाण्याच्या धोक्याच्या मर्यादेपलीकडे नेली. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वेल्डिंग केल्याने विरूपणास आळा बसला. जागेची निवडही अर्थपूर्ण आहे. रिव्हेटच्या जोडणीत पत्र्यातील तडा पट्टीत सहसा शिरत नाही. अखंड सांध्यात त्याला वाट मोकळी असते. धडाच्या खालच्या भागावर मुख्यतः दाब येतो, म्हणून तेथे हा धोका पत्करता येतो.

सारांश, वेधाची खोली आणि वेल्डिंगचा वेग यांच्या आकड्यांवर संतुष्ट राहणारे संशोधन अर्धेच राहते. सच्छिद्रता, तडे आणि थकव्याला तोंड देण्याची शक्ती यांची नोंद जेथे नाही, तेथे सांधा झाला एवढेच सिद्ध होते. तो टिकेल, हे नव्हे.