कुलपाचे चित्र आणि किल्लीचा प्रश्न

जुनी दारे, गंजलेली कुलुपे, अडसर, कोयंडे आणि पाण्याचे दरवाजे यांची छायाचित्रे काढण्याची हौस अलीकडे आपल्या तरुण मंडळींत चांगलीच वाढली आहे. हौस निर्मळ आहे, आणि पुष्कळ चित्रे डोळ्यांस सुखविणारीही असतात. तरीही अशी शंभर चित्रे ओळीने पाहिली की मन कोठेतरी अतृप्त राहते. आमच्या मते त्याचे कारण असे: कुलूप ही दोन अवस्थांची वस्तू आहे. ते लागते आणि निघते. कोणाच्या तरी हाताने, ठरलेल्या वेळी, कशाच्या तरी रक्षणासाठी. छायाचित्र मात्र एकच क्षण धरते. त्या एका क्षणात दुसऱ्या अवस्थेची चाहूल ज्याला देता येते, तोच कुलपाचे चित्र काढतो. इतर जण गंजाचे चित्र काढतात.

छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेतच हे मर्म एकाने ओळखले होते. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज गृहस्थाने १८४४ साली लेकॉक येथील आपल्या वास्तूत एका दाराचे चित्र घेतले. दार उघडे आहे, तेथे एक खराटा टेकविलेला आहे, बाजूस कंदील आणि घोड्याचा लगाम लटकत आहे. माणूस चित्रात कोठेही नाही. पण आतल्या अंधारापलीकडे मागची खिडकी पुसट दिसते, आणि कोणी आताच अंगण झाडून आत गेले असावे असा भास होतो. खराटा तेथे विचारपूर्वक ठेवला होता, हे त्याच दाराच्या इतर चित्रांवरून कळते. त्या साध्या खराट्यामुळे दारास माणसाचा स्पर्श लाभला.

पॅरिसच्या यूजेन आत्जेची (१८५७–१९२७) गोष्ट निराळी. जुन्या पॅरिसची दारे आणि ती ठोठावण्याच्या नक्षीदार लोखंडी कड्या त्याने चिकाटीने टिपल्या. आपली चित्रे म्हणजे कलावंतांसाठी उपयोगी दस्तऐवज, एवढाच त्याचा दावा होता. चित्रकार, कारागीर आणि संग्रहालये हे त्याचे गिऱ्हाईक. १९२० साली त्याने आपल्या २,६२१ काचा फ्रेंच सरकारास विकल्या. नोंद आणि कला यांत वैर असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. आत्जेने नोंद प्रामाणिकपणे केली. रसिकांना तीत काव्य सापडले.

आता आपल्या घराकडे वळू. गोव्यातील गावोगावची बंद घरे हा छायाचित्रकारांचा लाडका विषय झाला आहे. शेवाळलेला चौथरा, वाळवी लागलेली चौकट आणि मधोमध कुलूप. खाली काळाच्या ओघाविषयी एखादी हळहळ. परंतु यांतील कितीतरी घरे चतुर्थीला उघडतात. मुंबईहून, पुण्याहून, परदेशाहून माणसे येतात, माटोळी सजते, दीड दिवस किंवा पाच दिवस गणपती बसतो, आणि विसर्जनानंतर तेच कुलूप पुन्हा लागते. वर्षातील उरलेल्या दिवसांत त्या घराचे चित्र काढून त्यास मृत ठरविणे हा त्या कुटुंबावर अन्याय आहे. जे घर चतुर्थीलाही उघडत नाही, त्याचे दुःख खरे आहे. पण तेही या भेदाशिवाय कळणार नाही.

बंद दार म्हणजे शोक नव्हे, हे देवळात जाणाऱ्यास सांगावयास नको. नैवेद्याच्या वेळी पडदा पडतो, शेजारतीनंतर गाभाऱ्याचे दार लागते, आणि भाविक निश्चिंत मनाने घरी जातो; कारण पहाटे ते उघडणार, हे त्यास ठाऊक असते. या दारापुढे कॅमेऱ्यानेही थांबावे. तेथे चित्र न काढणे हाही अभिरुचीचाच भाग आहे. खजिन्याच्या कुलपाचा विचार वेगळा. तेथे भाविकास प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. पुरीच्या जगन्नाथ मंदिराचे रत्नभांडार १४ जुलै २०२४ रोजी उघडले, तेव्हा आतल्या दालनाच्या कुलपांना हाती असलेल्या किल्ल्या लागल्या नाहीत आणि ती तोडावी लागली. त्या कुलपांचे कितीही रेखीव चित्र कोणी काढले असते, तरी किल्ली कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळाले नसते.

इंग्रजीत दाराचे कुलूप आणि जहाज चढविण्या-उतरविण्यासाठी कालव्यात बांधलेली कोठी, दोहोंना ‘लॉक’ हा एकच शब्द आहे. १९१४ साली खुल्या झालेल्या पनामा कालव्याच्या अशा कोठ्यांची दारे सात फूट जाड आणि सर्वांत उंच दार ब्याऐंशी फूट. दोन्ही फळ्या उंच पाण्याच्या बाजूस किंचित टोक करून मिटतात. पाणीच त्यांस घट्ट दाबून धरते. अर्नेस्ट हॅलन हा १९०७ ते १९३७ या काळात तेथील अधिकृत छायाचित्रकार होता. त्याचे मोल आम्हांस यासाठी वाटते की, त्याने तीच स्थळे काम चालू असता पुन्हा पुन्हा टिपली. वर्षानुवर्षांच्या त्या मालिकेत दार घडताना दिसते.

हीच विद्या, लहान प्रमाणावर आणि लाकडात, आपल्या खाजनांत शतकानुशतके नांदली आहे. चोडण-दिवाडीच्या बांधांतील मानस पाहा. भरतीचे खारे पाणी फळ्यांना लोटते, त्या मिटतात. ओहोटीला आतले पाणी त्यांस ढकलते, त्या उघडतात. या फळ्यांवर कोरगुटाचे शेत, मासळी आणि गावाचे अन्न अवलंबून होते. त्यांची निगा गावकारीकडे होती. फळी कुजली की खारे पाणी शेतात शिरते. संध्याप्रकाशात चमकणाऱ्या मानशीचे मोहक चित्र ती शाबूत आहे की मोडली आहे, हे सांगत नसेल तर ते गावाच्या काय कामाचे?

म्हणून तरुण छायाचित्रकारांस आमची सूचना आहे. मानशीची दोन चित्रे घ्यावीत, एक भरतीचे आणि एक ओहोटीचे. बंद घराचीही दोन घ्यावीत, एक चतुर्थीपूर्वीचे आणि एक चतुर्थीचे. खाली गाव आणि तारीख लिहावी. मानस असेल तर तिची निगा आज कोण राखतो, हेही विचारून लिहावे. पुष्कळ ठिकाणी हे उत्तर मिळणार नाही. तसे झाल्यास ती जागा कोरी ठेवावी आणि ते चित्र गावच्या पुढच्या बैठकीत सर्वांपुढे ठेवावे.