राजप्रतिमा, भारतीय

राजप्रतिमा, भारतीय : राजे, राण्या व राजकुलातील व्यक्ती यांच्या शिल्प, नाणी व चित्रे या माध्यमांतील प्रतिमा. संमुख उभी मूर्ती, शिरामागील प्रभावलय आणि पूर्वजांची ओळीने केलेली मांडणी ही लक्षणे प्राचीन व उत्तरकालीन अशा दोन्ही काळांतील राजप्रतिमांत आढळतात. त्यांवरून एका अखंड परंपरेचे अनुमान काढण्याचा मोह होतो. तथापि ही साम्ये एकाच जातीची नाहीत.

पहिल्या प्रकारचे साम्य प्रत्यक्ष अनुकरणातून आले आहे. मथुरेजवळील माट येथे १९११-१२ मध्ये उजेडात आलेली कनिष्काची शिरोहीन मूर्ती लांब अंगरखा व जड पादत्राणे घातलेली असून तिच्या हातांत गदा व तलवार आहे. कनिष्काच्या नाण्यांवर याच वेषातील राजा वेदीवर आहुती देताना दिसतो. चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या ध्वजधारी प्रकारच्या नाण्यांवर तोच अंगरखा, तीच वेदी व तीच ठेवण आढळते. मागील बाजूची आर्दोक्षो ही कुषाण देवता पुढे क्रमाने लक्ष्मीच्या रूपात परिणत झाली. मधले दुवे उपलब्ध असल्याने येथे परंपरा निःसंशय सिद्ध होते.

प्रभावलयाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. कुषाण नाण्यांवर राजाच्या खांद्यांतून ज्वाला निघतात व हुविष्काच्या शिरामागे वलयही दिसते. राजतेजाचे मूर्त रूप असलेला फर्रो हा इराणी देवही या नाण्यांवर आढळतो. जहांगीराच्या (कार. १६०५–२७) चित्रांत बादशहाच्या मागे पुन्हा वलय येते. बिचित्रच्या सुप्रसिद्ध चित्रात तर सूर्य व चंद्र यांचे मिळून बनलेले भव्य तेजोमंडल बादशहाला वेढते. परंतु अकबरकालीन चित्रांत बादशहामागे सामान्यतः वलय नाही. १५८० मध्ये जेझुइट धर्मोपदेशक फतेपूर सीक्रीला आल्यानंतर युरोपीय धार्मिक चित्रे व मुद्राचित्रे दरबारी चित्रकारांच्या हाती पडली आणि तेथून हे चिन्ह उचलले गेले. म्हणजे रूप ख्रिस्ती चित्रांतून आले; मात्र ते स्वीकारण्याची वैचारिक भूमी अबुल फज्लने मांडलेल्या ‘फर्र-इ-इझदी’ या ईश्वरी तेजाच्या कल्पनेने तयार केली होती. ही कल्पना आणि कुषाणांचा फर्रो यांचे मूळ एकच, इराणी आहे. कल्पनेचे नाते जुने, पण आकृतीचे नाते नवे, असे हे साम्य आहे. पुढे राजपूत चित्रशैलींत हे वलय रूढ झाले.

तिसरे साम्य राजवंशाच्या प्रतिमागृहांचे. पुणे जिल्ह्यातील नाणेघाटाच्या लेण्यात (इ. स. पू. पहिले शतक) सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी इत्यादींच्या प्रतिमा होत्या, आज त्यांची कोरीव नावे व पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. १९९३ मध्ये सापडलेल्या रबातक लेखात कनिष्काने पणजोबा, आजोबा व वडील यांच्यासह स्वतःचीही प्रतिमा करविल्याचा उल्लेख आहे. उलट भासाच्या नावावर असलेल्या प्रतिमा नाटकातील प्रतिमागृहात केवळ दिवंगत राजांना स्थान आहे. म्हणूनच तेथे दशरथाची प्रतिमा पाहून भरताला पित्याच्या मृत्यूचा बोध होतो. मदुराईच्या पुदुमंडपात तिरुमल नायकाच्या (कार. १६२३–५९) पूर्वजांच्या रांगेत तोही उभा आहे. मात्र नायक राजे अंजलिबद्ध आहेत. तिरुमल येथील दोन राण्यांसहित कृष्णदेवरायाची धातुमूर्तीही तशीच हात जोडून आहे. माटचा राजा प्रेक्षकासमोर सत्ता प्रकट करतो, तर दक्षिणेतील राजा देवासमोर भक्ती. रांग सारखी असली, तरी तिचा अर्थ पालटला आहे. येथे परस्परसंपर्काचा पुरावा नाही. सिंहासनावरील हक्क वंशक्रमाने सिद्ध करण्याची समान गरज हेच या साम्याचे कारण दिसते.

केवळ रूपसाम्यावरून परंपरा ठरविल्यास मोगल चित्रकाराची निवड व दाक्षिणात्य शिल्पकाराची भक्तिदृष्टी, दोन्ही झाकली जातात. यास्तव राजप्रतिमांच्या अभ्यासात आकृतीइतकेच महत्त्व मधल्या दुव्यांना, स्थानाला व प्रतिमेच्या प्रयोजनाला द्यावे लागते.