सातबाऱ्याला स्वतःचा पत्ता का नाही?

महाभूलेखवर सातबारा बघितलाय ना? जिल्हा पुणे, तालुका इंदापूर, गाव निमगाव केतकी, मग गट नंबर, मोबाईल नंबर, कॅप्चा. उतारा दिसतो. आता त्या पानाची लिंक बारामतीतल्या भावाला पाठवून बघा. त्याला सगळी निवड पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. म्हणून आपण स्क्रीनशॉट पाठवतो, आणि फेरफार झाला तरी जुनाच स्क्रीनशॉट फिरत राहतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

कुठला पत्ता आला की कुठलं पान दाखवायचं, हे ठरवणं म्हणजे राउटिंग. पत्ता साधा असू शकतो: /पुणे/इंदापूर/निमगाव-केतकी/१२३. जँगोसारख्या फ्रेमवर्कमध्ये असा साचा एका ओळीत बसतो. मग अडतं कुठे?

आधी गट नंबरातच. हिस्से पडले की १२३ चा १२३/२/अ होतो, आणि वेब पत्त्यात तिरपी रेघ म्हणजे पुढचा कप्पा. जँगोचा नेहमीचा कन्व्हर्टर तिरपी रेघ घेत नाही, त्यामुळे पत्ता जुळतच नाही. उपाय म्हणजे स्वतःचा कन्व्हर्टर लिहायचा: पत्त्यात १२३-२-अ, डेटाबेसकडे जाताना १२३/२/अ, आणि लिंक बनवताना उलट.

दुसरी अडचण नावांची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, एन्कोड केल्यावर ९ अक्षरं. ‘बारामती’ची ७ चिन्हं, म्हणजे ६३ अक्षरं! रोमन लिपीत लिहावं, तर प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. त्यापेक्षा गावाचा सरकारी कोड पत्त्यात ठेवावा, नाव नुसतं वाचण्यापुरतं.

“जमिनीची माहिती आहे, कॅप्चा हवाच,” असं कोणी म्हणेल. मान्य. पण मग लिंक उघडल्यावर कॅप्चा विचारा की! कुलूप दाराला लावतात, घराचा पत्ता कोणी पुसून टाकत नाही.

चांगला वेब पत्ता बदलत नाही, हे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच मांडलं. आपल्याकडे जुनं पळसदेव उजनीच्या पाण्यात गेलं. आज पळसदेवला जायचं म्हटलं की माणूस नव्या गावात पोचतो. वेबवर हे काम ३०१ रीडायरेक्ट करतो. गट फुटला तर मात्र तेवढ्याने भागणार नाही, कारण नवे पत्ते अनेक. तेव्हा जुन्या पत्त्यावर ‘पान सापडले नाही’ असं न सांगता, त्यातून झालेल्या हिस्स्यांची यादी दाखवावी. वाटणीनंतर माणूस तीच तर शोधत असतो.