'सेफर हा-झिखरोनोत' : एका हिब्रू कथासंग्रहाची संहिता-चिकित्सा

ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयात 'हिब्रू डी ११' या क्रमांकाने नोंदलेले हस्तलिखित एलाझार बेन आशेर हा-लेवी या संकलनकाराने १३२५ च्या सुमारास ऱ्हाइन नदीच्या प्रदेशात सिद्ध केले. त्याचे नाव 'सेफर हा-झिखरोनोत', म्हणजे स्मृतींचा ग्रंथ. विश्वोत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतचा पट मांडून त्यात लोककथा, आख्याने, नरक-स्वर्गाची वर्णने, सिकंदराची अद्भुतकथा व इतिवृत्ते ओवलेली आहेत. ठिकठिकाणी विखुरलेल्या पोथ्यांतून हे साहित्य आपण वेचले, असे एलाझार प्रास्ताविकात सांगतो व ग्रंथ विकू नये, वंशात जतन करावा, अशी आज्ञाही मागे ठेवतो. त्याच्या श्रमाचे मोल मात्र अभ्यासकांना फार उशिरा उमगले. या विलंबाचे कारण संहिता-चिकित्सेच्या एका जुन्या सवयीत आहे.

हा ग्रंथ युरोपीय वाचकांपुढे प्रथम आणला तो मोझेस गॅस्टर यांनी. त्यांचे इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या भाषांतरमालेत प्रसिद्ध झाले. परंतु त्यावर नाव आले ते येरहमेएलचे. हा येरहमेएल बेन शेलोमो एलाझारच्या आधी बहुधा दक्षिण इटलीत होऊन गेला. त्याचे संकलन एलाझारने आपल्या ग्रंथात सामावून घेतले होते. गॅस्टर यांनी तेवढाच भाग उचलला, यहूदा मक्काबीच्या वृत्तान्तापाशी भाषांतर थांबवले, आणि पुढचा ग्रंथ बाजूस ठेवला. ज्याने पोथी घडवली तो नुसता नकलनवीस ठरला, आणि ज्याची सामग्री त्याने वापरली तो ग्रंथकार झाला.

ही निवड केवळ सोयीची नव्हती. मध्ययुगीन संकलनात प्राचीन मूळ संहिता दडलेल्या असतात व त्या बाहेर काढणे हेच संशोधकाचे काम, ही गॅस्टर यांची श्रद्धा होती. तिची खरी कसोटी लागली ती फिलोच्या नावावर चुकीने घातल्या गेलेल्या एका लॅटिन ग्रंथाच्या बाबतीत. आदामापासून शौलाच्या मृत्यूपर्यंतची बायबलकथा नव्याने सांगणारी ही रचना १५२७ मध्ये बाझेल येथे छापली गेली होती. अब्राहाम व बुरुजाच्या विटा, कनाजाचे पराक्रम, इफ्ताहाच्या कन्येचा विलाप हे त्यातील प्रसंग येरहमेएलच्या संकलनात हिब्रू भाषेत आढळले. गॅस्टर यांना वाटले की हरवलेले मूळच हाती आले. भाषा हिब्रू, वळण बायबलचे. यापेक्षा अधिक पुरावा तो कोणता?

येथेच त्यांचा तर्क घसरला. लेओपोल्ड कोन यांनी १८९८ मध्येच दाखवून दिले होते की लॅटिन ग्रंथ ग्रीकवरून आणि ग्रीक हा हिब्रूवरून आलेला आहे. म्हणजे मूळ हिब्रू होते, हे गॅस्टर यांचे म्हणणे बरोबरच होते. पण येरहमेएलजवळची हिब्रू संहिता ते मूळ नव्हे. ती लॅटिनवरून पुन्हा हिब्रूत उतरवलेली आहे, हे डॅनियल हॅरिंग्टन यांच्या १९७४ च्या अभ्यासाने निःसंदिग्ध केले. एखादा पाठ लॅटिनमध्येच बिघडला असेल आणि तोच बिघाड हिब्रूतही आढळत असेल, तर प्रवाहाची दिशा वेगळी सिद्ध करण्याची गरज उरत नाही. बायबलच्या वळणाची भाषा तर उलट भाषांतरकाराच्या शिक्षणाची साक्ष देते. बायबल मुखोद्गत असलेला मध्ययुगीन पंडित दुसरे कोणते हिब्रू लिहिणार? शिवाय दहाव्या शतकात याच दक्षिण इटलीत रचलेला 'योसिप्पोन' हा इतिहासग्रंथ लॅटिन साधनांवर उभा आहे. लॅटिनमधून हिब्रूत येण्याची वाट तेथे चांगली मळलेली होती.

तरीही गॅस्टर यांचे प्रत्येक अनुमान फेटाळणे योग्य होणार नाही. दानिएलच्या ग्रंथाला जोडलेल्या काही कथांची अरामी संहिता याच हस्तलिखितात आहे. थिओडोशनच्या ग्रीक भाषांतराचे हेच मूळ, असे त्यांनी १८९४-९५ मध्ये हस्तलिखितातीलच एका निवेदनाच्या आधारे प्रतिपादन केले. बहुतेकांनी ते नाकारले. पण १९८७ मध्ये क्लाउस कोख यांनी या अरामी संहितेला स्वतंत्र मूल्य असल्याचा पक्ष पुन्हा मांडला, आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाही. एकाच पोथीतील शेजारशेजारच्या दोन तुकड्यांची कुळकथा इतकी भिन्न असू शकते. संपूर्ण संकलनाला एकच वय लावणारा निष्कर्ष, तो प्राचीनतेचा असो वा अर्वाचीनतेचा, म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

हाइम श्वार्त्सबाउम यांनी १९७१ च्या पुनर्मुद्रणाला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत कथांची समांतरे विपुल दिली. परंतु त्यांचेही लक्ष सुट्या कथांवरच राहिले. एली यासिफ यांच्या २००१ च्या तेल अवीव आवृत्तीत प्रथमच ग्रंथ त्याच्या संकलनकारासह समोर आला. त्यामुळे पूर्वी न दिसलेली एक गोष्ट दिसते : पतित देवदूत शेमहझाई व अझाएल यांची कथा आणि १०९६ मधील ऱ्हाइनकाठच्या ज्यूंच्या कत्तलीचे इतिवृत्त ही एकाच कालपटावर बसवलेली आहेत. ज्या प्रदेशात एलाझार लिहीत होता, त्याच प्रदेशाची ती जखम होती. सुट्या कथा वेचणाऱ्याला ही जोडणी दिसणे शक्यच नव्हते.

मात्र यासिफ यांच्या दृष्टीलाही मर्यादा घालावी लागते. एलाझारचा पूर्ण ग्रंथ या एकाच प्रतीत उपलब्ध आहे. त्यामुळे एखादा पाठ त्याने हेतुपुरस्सर बदलला, की समोरच्या पोथीत होता तसाच उतरवला, हे त्या-त्या कथेच्या इतर प्रती पाहिल्याशिवाय ठरत नाही. रचनेतील प्रत्येक शेजार त्याच्या योजनेचा भाग मानणे हे संकलनकाराला नाकारण्याइतकेच घाईचे आहे. यासिफ यांच्या आवृत्तीच्या शीर्षकात 'सेफर हा-झिखरोनोत' या नावापुढे 'म्हणजेच येरहमेएलचे इतिवृत्त' अशी जोड आहे. गॅस्टर यांनी दिलेले नाव तेथूनही पुरते गेलेले नाही.